दम्याचा पंप आणि रोगप्रतिकारशक्ती: शरीरात नेमके काय बदलते?

मृद्गंधा (धागाकर्ती)

दम्याचा पंप लिहून दिला की घरात पहिला आक्षेप निघतो तो स्टेरॉइडचा. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती खालावेल आणि मूल किंवा वयस्क माणूस सतत आजारी पडेल, असे घरच्यांना वाटते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून, शेजाऱ्यांकडून आणि नातेवाइकांकडून इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर एका जागी, सविस्तर लिहावेसे वाटले. या भीतीपोटी पंप मध्येच बंद केला जातो आणि पुढे त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

मुळात दमा हा प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे होणारा आजार नाही. बहुतेक ॲलर्जिक दम्यात प्रतिकारयंत्रणेची एक शाखा गरजेपेक्षा जास्त आणि चुकीच्या दिशेने काम करत असते. गादीतील धूळकिडे, झुरळांची विष्ठा, परागकण किंवा ओलीवरची बुरशी श्वासावाटे आत गेली की मदतनीस टी-पेशींचा दुसरा प्रकार आणि त्यांच्या जोडीच्या इतर पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांपैकी ४ मुळे आयजीई प्रतिपिंडे वाढतात, ५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात व जास्त काळ जगतात, तर १३ मुळे चिकट कफ वाढतो आणि श्वासनलिका किरकोळ कारणानेही आवळू लागतात. आयजीई आणि इओसिनोफिल ही मुख्यतः कृमींसारख्या परजीवींशी लढणारी सामग्री आहे. दम्यात ती निरुपद्रवी धुळीवर चालून जाते. त्याच वेळी अनेक दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांच्या अस्तरात विषाणूंविरुद्धचा इंटरफेरॉनचा (विषाणूंना रोखणाऱ्या प्रथिनांचा) प्रतिसाद उशिरा किंवा अपुरा येतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे एकाच माणसात, एकाच अवयवात, प्रतिकारयंत्रणेची एक बाजू अतिरेक करत असते आणि दुसरी मागे पडलेली असते. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढली की कमी झाली' हा प्रश्न दम्याच्या बाबतीत अपुरा ठरतो. कोणती बाजू, कुठे आणि किती बदलली, हे पाहावे लागते.

आता पंपातील स्टेरॉइडकडे वळू. बेक्लोमेथासोन १९७० च्या दशकाच्या आरंभी पंपाच्या रूपात आले. आज आपल्याकडे बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन सर्रास वापरात आहेत. हे रेणू पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकाला (स्टेरॉइड पकडणाऱ्या प्रथिनाला, रिसेप्टरला) चिकटतात आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते. तेथे ती हिस्टोन डीॲसिटिलेज-२ नावाच्या विकराला (एन्झाइमला) दाहाच्या जनुकांपाशी आणते. हे विकर डीएनएची उघडलेली गुंडाळी पुन्हा घट्ट करते आणि ती जनुके वाचली जाणे थांबते. परिणामी वर सांगितलेली इंटरल्यूकिने कमी बनतात, इओसिनोफिल लवकर मरतात, श्वासनलिकांच्या अस्तरातील मास्ट पेशींची (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींची) आणि ॲलर्जीकारक पदार्थ टी-पेशींना 'दाखवणाऱ्या' शाखापेशींची संख्या घटते. दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० मात्र वाढते. न्यूट्रोफिल या जिवाणूभक्षक पेशींचे आयुष्य स्टेरॉइडमुळे कमी होण्याऐवजी लांबते. न्यूट्रोफिलप्रधान दम्यात पंपाचा गुण कमी येतो, त्याचे हे एक कारण असावे, असे मानले जाते.

या सर्वांत मात्रेला फार महत्त्व आहे. प्रौढाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, तीव्र झटक्यात पोटातून दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनची मात्रा साधारण ४० मिलिग्रॅम. दोन्ही रेणूंची ताकद सारखी नसल्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, तरी शरीरभर पोहोचणाऱ्या परिणामात केवढा फरक असेल याची कल्पना येते. गिळल्या गेलेल्या बुडेसोनाइडचा सुमारे नऊ-दशांश भाग यकृतात पहिल्याच फेरीत निकामी होतो, फ्लुटिकासोनचा तर जवळजवळ सगळाच. फुप्फुसातून रक्तात जाणारा अंश मात्र यकृताला वळसा घालून जातो, म्हणून मोठ्या मात्रेत धोका शिल्लक राहतो आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

घशातला परिणाम सर्वांत सहज दिसतो. स्पेसरविना (पंपाला जोडायच्या पोकळ नळीविना) ओढलेल्या फवाऱ्याचा मोठा भाग तोंडात आणि घशात चिकटतो. तेथील स्थानिक संरक्षण त्यामुळे मंदावते आणि कॅन्डिडा बुरशीचे पांढरे चट्टे उठतात. स्पेसर वापरणे, पंपानंतर चुळा भरणे आणि ते पाणी थुंकून टाकणे एवढ्यानेच हा त्रास बहुतांशी टळतो. प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, पण तो जिथे औषध साचते तिथे होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

इतरांनीही आपले प्रश्न आणि माहिती येथे मांडावी. मात्र कोणीही या धाग्यावरून आपली मात्रा स्वतः बदलू नये.

पाऊलवाट

मृद्गंधाताई, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझ्या मुलाला पहिलीत असल्यापासून पंप चालू आहे. शाळेत साथ आली की त्याला सर्दी होतेच, आणि सासूबाईंचे म्हणणे असते की पंपामुळेच पोर नाजूक झाले. त्याचे लसीकरण पंप चालू असताना करावे का, आणि उंचीवर परिणाम होतो का, हेही सांगाल का?

उरोरोगतज्ज्ञ

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून या प्रश्नांना उत्तर देतो.

लहान मुलांना वर्षातून अनेकदा सर्दी होणे स्वाभाविक आहे. पंप घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत फरक पडतो तो सर्दीनंतर काय होते यात. स्टेरॉइडचा पंप नियमित चालू असेल तर तीच सर्दी छातीत उतरून झटका येण्याची आणि पोटातून स्टेरॉइड द्यावे लागण्याची शक्यता कमी होते. प्रयोगशाळेत स्टेरॉइड इंटरफेरॉनचा प्रतिसाद थोडा दाबते, असे दिसते हे खरे. परंतु प्रत्यक्ष रुग्णांत विषाणूंमुळे येणारे झटके पंपाने घटतात, आणि निर्णय घेताना याच निष्कर्षाला अधिक वजन द्यावे लागते.

लसीबाबत सांगायचे तर नेहमीच्या मात्रेतील पंप कोणत्याही लसीच्या आड येत नाही, गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लसींच्याही नाही. सावधगिरी लागते ती पोटातून मोठ्या मात्रेत, म्हणजे दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा त्याहून जास्त घेतले असेल तेव्हा. फ्लूची लस तर दम्याच्या मुलांना आवर्जून द्यावी.

उंचीविषयी अमेरिकेत हजाराहून अधिक मुलांवर दीर्घकाळ अभ्यास झाला. लहानपणी काही वर्षे बुडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढ वयातील उंची तुलनेने सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम खरा आहे आणि तो पालकांना स्पष्ट सांगावा, असे माझे मत आहे. त्याचबरोबर अनियंत्रित दम्यानेही वाढ खुंटते, रात्रीची झोप मोडते आणि शाळा बुडते, हेही सांगावे. आपल्या सासूबाईंना पुढच्या भेटीच्या वेळी सोबत आणा. आजींशी थेट बोललेले पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

दर्यावर्दी

मी ऑकलंडला राहतो. येथील एक इतिहास या चर्चेत यायला हवा, कारण आपल्याकडे स्टेरॉइडच्या पंपाची भीती आहे आणि निळ्या पंपाची, म्हणजे तात्काळ आराम देणाऱ्या सालब्युटामॉलच्या पंपाची, अजिबात नाही.

न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दम्याच्या मृत्यूंची मोठी लाट आली. पुढे येथील संशोधकांनी तिचा संबंध फेनोटेरॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या तीव्र औषधाशी दाखवून दिला. त्याच्या वापरावर १९८९ नंतर निर्बंध आले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याआधी १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत आयसोप्रिनालिनच्या अतितीव्र पंपाच्या काळात अशीच लाट येऊन गेली होती. ही दोन्ही औषधे स्टेरॉइड नव्हती. ती तात्काळ आराम देणारी होती, आणि आराम मिळतो म्हणून लोक आतल्या दाहाकडे दुर्लक्ष करत राहिले.

येथील मार्गदर्शक सूचनांत २०२० पासून बुडेसोनाइड व फोर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध) एकत्र असलेला पंप हाच गरजेपुरताही वापरण्यावर भर आहे. महाराष्ट्रात निळा पंप कोणत्याही औषधाच्या दुकानात सहज मिळतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

मृद्गंधा

दर्यावर्दी, हा मुद्दा आपण मांडलात हे फार बरे झाले, कारण निळ्या पंपाचाही प्रतिकारयंत्रणेशी संबंध आहे आणि त्याबद्दल क्वचितच कोणी बोलते.

सालब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूवरील बीटा-२ ग्राहकांना चालना देते आणि स्नायू सैल होतो. हेच ग्राहक मास्ट पेशींवर आणि लिंफ पेशींवरही असतात. एखाद्या वेळी घेतलेला फवारा मास्ट पेशींना थोडे शांत करतो. परंतु दररोज, दिवसातून अनेकदा घेत राहिल्यास हे ग्राहक बधिर होतात आणि ते संरक्षण ओसरते. मग तीच धूळ पूर्वीपेक्षा तीव्र प्रतिक्रिया घडवते आणि श्वासनलिकांची संवेदनशीलता वाढते. इओसिनोफिलांचा दाह तर आत चालूच असतो, कारण त्यावर या औषधाचा उपयोगी असा परिणाम होत नाही. उलट स्टेरॉइडमुळे पेशी नवे बीटा-२ ग्राहक अधिक प्रमाणात बनवतात, म्हणून ही दोन औषधे एकत्र दिल्यास परस्परांना पूरक ठरतात.

याच कारणांनी जागतिक दमा उपक्रमाने, म्हणजे 'जीना'ने, २०१९ मध्ये प्रौढांना आणि किशोरांना केवळ निळ्या पंपावर ठेवू नये, अशी शिफारस केली. त्यांच्याच सूचनांनुसार वर्षात असे तीन किंवा अधिक डबे संपत असतील तर गंभीर झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक संपत असतील तर मृत्यूचा. घरातील दमेकऱ्याचे किती डबे संपतात हे प्रत्येकाने पाहावे.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्षही सांगते: आदल्या वर्षात वापरलेल्या स्टेरॉइड पंपाच्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने मरण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि पंप सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने अधिक धोक्याचे ठरले.

वनौषधी

सर्व वाचले. तरीही माझा आक्षेप राहतो. शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया दाबून टाकण्यापेक्षा आहार, प्राणायाम आणि काढे यांनी प्रतिकारशक्ती वाढवणे अधिक योग्य नाही का? दाबलेला दोष दुसरीकडून बाहेर येतोच, असे आमच्या घरातील जाणते सांगत आले आहेत.

उरोरोगतज्ज्ञ

वनौषधी, आपला आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. श्वसनाच्या व्यायामांनी काही रुग्णांची लक्षणे आणि जगण्याची गुणवत्ता सुधारते. ते मी स्वतः सुचवतो. वजन आटोक्यात आणणे आणि तंबाखूचा धूर टाळणे यांचाही उपयोग होतो. परंतु यांतील कशानेही इओसिनोफिलांचा दाह पुरेसा शमत नाही, म्हणून ते पंपाच्या सोबतीने करावे, त्याच्या जागी नव्हे.

'वाढवणे' या कल्पनेबद्दल मात्र माझे स्पष्ट मत आहे. दम्यात जी शाखा आधीच अतिरेक करते आहे ती आणखी वाढवणे कोणालाच नको असते. शिवाय दम्यावर हमखास गुण म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. असा रुग्ण पंपातल्या अल्प स्टेरॉइडला घाबरून पुडीतले कितीतरी पट जास्त स्टेरॉइड गिळत राहतो. त्याचा चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकाएकी थांबवली तर प्राणांवर बेतू शकते.

चिमणी

माझे वडील सूतगिरणीत होते आणि बिडीही ओढत. आता त्यांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) सांगितला आहे आणि फ्लुटिकासोनचा पंप चालू आहे. त्यांना गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. डॉक्टरकाका, त्यांच्याही बाबतीत पंप निर्धोक म्हणायचा का?

उरोरोगतज्ज्ञ

चिमणीताई, येथे उत्तर वेगळे आहे, आणि दमा व सीओपीडी यांची गल्लत करू नये ती याचसाठी.

धुरामुळे आणि त्यातून होणाऱ्या ऑक्सिडीकरणामुळे मृद्गंधा यांनी सांगितलेले हिस्टोन डीॲसिटिलेज-२ हे विकर फुप्फुसात घटते. त्यामुळे स्टेरॉइडचा दाह शमवणारा गुण कमी मिळतो. दुसरीकडे या रुग्णांच्या फुप्फुसातील भक्षकपेशी जिवाणू गिळण्यात आधीच कमजोर असतात. सहा हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॉर्च' चाचणीत फ्लुटिकासोन घेणाऱ्यांपैकी १८.३ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर औषधविरहित पंप घेणाऱ्यांत ते प्रमाण १२.३ टक्के होते. दम्याच्या रुग्णांत अशी स्पष्ट वाढ सातत्याने दिसलेली नाही.

म्हणून सीओपीडीत आम्ही रक्तातील इओसिनोफिल पाहतो. साध्या रक्ततपासणीच्या अहवालात ती संख्या असते. प्रति मायक्रोलिटर ३०० किंवा अधिक असेल आणि झटके येत असतील तर स्टेरॉइडचा लाभ मिळण्याची शक्यता चांगली. १०० पेक्षा कमी असेल आणि न्यूमोनिया होऊन गेला असेल तर स्टेरॉइड टाळण्याकडे कल असतो. वडिलांचा जुना अहवाल घेऊन त्यांच्या डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारा. पंप स्वतःहून थांबवू नका.

कृष्णाकाठ

क्षयरोगाचे काय? आमच्या वस्तीत क्षयाचे रुग्ण आहेत, आणि मी दम्यासाठी पंप घेतो.

उरोरोगतज्ज्ञ

पोटातून दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने सुप्त क्षय जागा होण्याचा धोका वाढतो, हे पक्के आहे. पंपाबाबत दक्षिण कोरियातील मोठ्या नोंदींवर आधारित अभ्यासात क्षयाचे प्रमाण काहीसे वाढलेले आढळले, विशेषतः जास्त मात्रा घेणाऱ्यांत. कमी मात्रेच्या पंपाने दमा आटोक्यात असेल तर ही भीती पंप सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर मात्र 'माझा दम्याचाच खोकला' असे समजून थांबू नका. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

पाऊलवाट

कोविडच्या काळात आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी घाबरून पंप बंद केले होते. काळ्या बुरशीच्या बातम्या आल्यावर तर विचारूच नका.

मृद्गंधा

काळ्या बुरशीचा संबंध होता तो अनियंत्रित मधुमेहाशी आणि तोंडावाटे किंवा शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडशी. पंपाच्या बाबतीत चित्र जवळजवळ उलट होते. पंपाचे स्टेरॉइड घेणाऱ्या दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांतील पेशींत, विषाणू ज्याला धरून आत शिरतो त्या एसीई-२ ग्राहकाचे जनुक कमी व्यक्त झालेले आढळले. ऑक्सफर्डमधील एका लहान चाचणीत २०२१ मध्ये सुरुवातीलाच दिलेल्या बुडेसोनाइड पंपामुळे तातडीच्या उपचारांची गरज घटली. आपल्याकडील त्याच वर्षीच्या राष्ट्रीय उपचारसूचनेतही सौम्य आजाराची लक्षणे पाच दिवसांहून जास्त टिकल्यास बुडेसोनाइड ८०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, असा उल्लेख होता. तेच औषध घरात असलेल्या दमेकऱ्यांनी त्याच दिवसांत ते भीतीने बंद करावे, याचे मला अतिशय वाईट वाटले होते.

रानजाई

जरा वेगळी शंका विचारते. माझ्या बहिणीला बुडेसोनाइड-फोर्मोटेरॉलचा पंप आहे. जांघेतील आणि कमरेवरील नायट्यासाठी तिला त्वचारोगतज्ज्ञांनी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या आहेत आणि त्या बरेच आठवडे चालू आहेत. अलीकडे तिचा चेहरा गोल वाटतो आणि दंडावर सहज काळेनिळे डाग पडतात. याचा पंपाशी संबंध असेल का? तिने त्वचेच्या डॉक्टरांना पंपाबद्दल सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारलेही नव्हते.

मृद्गंधा

संबंध असू शकतो, आणि हे तातडीने पाहायला हवे. बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन यांना यकृतातील जे विकर निकामी करते, त्यालाच इट्राकोनॅझोल अडवते. मग एरवी रक्तात नगण्य राहणारे स्टेरॉइड साचत जाते आणि पंप असूनही परिणाम गोळ्यांसारखे शरीरभर दिसू लागतात. एचआयव्हीच्या उपचारांतील रिटोनाविरनेही हेच घडते. नायटा चिवट झाल्यामुळे इट्राकोनॅझोल आपल्याकडे फार वापरले जाते, म्हणून ही जोडी जितकी ओळखली जायला हवी तितकी ओळखली जात नाही, असे माझे निरीक्षण आहे.

उरोरोगतज्ज्ञ

सहमत. रानजाई, बहिणीला एक-दोन दिवसांत दाखवा, आणि दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. पंप घरच्या घरी एकदम बंद करायचा नाही. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे तिच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, कॉर्टिसोल, बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी) मंदावल्या असतील तर अचानक थांबवल्याने रक्तदाब घसरू शकतो, शिवाय दम्याचा झटकाही येऊ शकतो. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसोलची तपासणी बहुधा सांगितली जाईल. नायट्यासाठी टर्बिनाफिन हा पर्याय असतो, त्याने हे विकर अडत नाही. किंवा पंपातील स्टेरॉइड बदलून बेक्लोमेथासोन देता येते, ज्याच्यावर या अडथळ्याचा परिणाम फार कमी होतो. कोणता बदल करायचा हे दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून ठरवावे. दरम्यान उलट्या, चक्कर, विलक्षण थकवा किंवा ताप यांपैकी काही झाले तर वाट न पाहता रुग्णालयात न्या, आणि ती पंप व इट्राकोनॅझोल दोन्ही घेते हे तेथे पहिल्याच वाक्यात सांगा.